विश्लेषण : 'माझी नोंद'ची पानं कोरी का राहिली? कसं शिकायचं, हे मुलांना कोण शिकवणार?

जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पाठ्यपुस्तकांमधली वह्यांची पानं काढून टाकण्याचा निर्णय घेतला. दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत २०२३-२४ पासून ही कोरी पानं दिली जात होती. त्यांवर शीर्षक होतं 'माझी नोंद'. दोन वर्षांत प्रयोग गुंडाळला गेला. त्यावर बातम्या आल्या त्या दप्तराच्या ओझ्याच्या, कागदाच्या खर्चाच्या आणि आधीच्या मंत्र्यांचा निर्णय नव्या मंत्र्यांच्या काळात फिरवला गेल्याच्या. ते सगळं खरंच होतं. पण त्या गडबडीत एक साधा प्रश्न मागे पडला. धड्यातलं आपल्याला काय कळलं आणि काय कळलं नाही, हे ओळखून स्वतःच्या शब्दांत टिपायला मूल शिकतं कुठे?

शिक्षणशास्त्रात या क्षमतेवर गेली पन्नास वर्षं अभ्यास सुरू आहे. तिला मेटाकॉग्निशन म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट रोजच्या अभ्यासातली आहे. पाचवी-आठवीच्या परीक्षा, समग्र प्रगतीपत्रक, पुस्तक उघडून द्यायची परीक्षा, मुलांच्या हातातला एआय, या सध्याच्या प्रत्येक वादात ती कुठे ना कुठे आहे.

पानं दिली, पण लिहायचं काय?

'माझी नोंद'मागची कल्पना वाईट नव्हती. शिक्षक शिकवत असताना शब्दार्थ, सूत्रं, महत्त्वाचे मुद्दे मुलांनी तिथेच टिपावेत, वेगळी वही न्यावी लागू नये, ज्यांच्या घरी वह्यांचा खर्च परवडत नाही त्यांची सोय व्हावी, असा उद्देश होता. प्रत्यक्षात मुलं या पानांचा वापर करत नाहीत, वेगळ्या वह्या आणतातच आणि ओझंही कमी झालेलं नाही, असा निष्कर्ष विभागानेच काढला.

यात मुलांचा आळस शोधण्यात अर्थ नाही. आपल्या वर्गांत लिहिणं म्हणजे बहुतेक वेळा उतरवून घेणं. फळ्यावरची प्रश्नोत्तरं वहीत जातात, वही तपासली जाते, खाली सही आणि तारीख पडते, कधी 'अक्षर सुधारा' असा शेरा मिळतो. उतरवलेली वही पुढे परीक्षेला कामाला येते. 'माझी नोंद'चं पान तपासायचं कसं, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. 'मला हे समजलं नाही' असं एखाद्या मुलाने तिथे लिहिलंच, तर त्यावर शिक्षकांनी काय करायचं? त्याचं उत्तर यंत्रणेकडे नव्हतं. जे तपासलं जात नाही आणि परीक्षेत येत नाही, ते मुलं करत नाहीत. याला व्यवहारज्ञानच म्हणावं लागेल.

मेटाकॉग्निशन म्हणजे नेमकं काय?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७० च्या दशकात हा शब्द रूढ केला. मराठीत अधिबोधनासारखे प्रतिशब्द शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत सापडतात. सोप्या भाषेत, आपल्या विचारावर आपलंच लक्ष असणं.

फ्लॅवेल आणि सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात लहान मुलांना काही वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या. हवा तेवढा वेळ घ्या आणि सगळं नक्की आठवेल अशी खात्री झाली की सांगा, एवढीच अट. मोठी मुलं 'झालं' म्हणाली तेव्हा त्यांना बहुतेक वेळा सगळं आठवलं. लहान मुलंही तितक्याच खात्रीने 'झालं' म्हणाली, पण त्यांना अनेकदा सगळं आठवलं नाही. स्मरणशक्ती कमी असणं ही एक अडचण. आपलं पाठ झालेलं नाही हेच न कळणं ही वेगळी आणि जास्त त्रासाची अडचण, कारण ज्याला कळत नाही तो पुन्हा प्रयत्नच करत नाही.

शाळेतलं उदाहरण घेऊ. सहावीतली एक मुलगी अपूर्णांकांची बेरीज करते : १/२ + १/३ = २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली. चूक नेहमीची आहे. आता तीच मुलगी उत्तर लिहून क्षणभर थांबली आणि तिने स्वतःला विचारलं, 'अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी मिळवली, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?' तर चूक दाखवायला शिक्षकांची गरज उरत नाही. तिला छेद समान करायची रीत अजून आठवलेली नसेल, पण आपलं काहीतरी चुकलंय हे तिला कळलंय. ते थांबणं आणि तो प्रश्न म्हणजे मेटाकॉग्निशन. त्यानंतर ती मागचं पान उघडते, रीत पुन्हा बघते, गणित दुसऱ्यांदा करते, हे झालं स्वयंनियंत्रित अध्ययन. या विषयातले नावाजलेले अभ्यासक बॅरी झिमरमन यांनी त्याचे तीन टप्पे मांडले आहेत. सुरुवातीला काय आणि कसं करायचं ते ठरवणं, करताना स्वतःवर लक्ष ठेवणं, आणि झाल्यावर मागे वळून पाहणं.

आपल्याकडे यातल्या पहिल्या टप्प्याचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असतं. पुढच्या दोन टप्प्यांची कामं शाळेत शिक्षक करतात, घरी आई-वडील आणि संध्याकाळी क्लासवाले.

'दोनदा वाचलं' यावर विश्वास का ठेवू नये?

'अभ्यास झाला का?' 'हो, दोनदा वाचून झालं.' महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक घरात होणारा हा संवाद आहे आणि मूल खोटं बोलत नसतं. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, डोळे भराभर सरकतात आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असा समज होतो.

हा समज किती चुकीचा ठरू शकतो, हे रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता जेवढं आठवतंय तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. एका आठवड्यानंतर चित्र उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला, वाचणाऱ्यांना ४२ टक्के. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागातली गोष्ट जास्त बोलकी आहे. आठवड्यानंतर आपल्याला हे आठवेल, असा सर्वांत जास्त भरवसा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच होता.

तीन वर्षांनी कार्पिकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या १७७ विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही अभ्यास कसा करता? सुमारे ८४ टक्के म्हणाले, टिपणं किंवा पुस्तक पुन्हा वाचतो. पुस्तक मिटून स्वतःला आठवायला लावतो असं सांगणारे ११ टक्केच होते. नावाजलेल्या विद्यापीठापर्यंत पोहोचलेल्या मुलांची ही गत असेल, तर सातवीतल्या मुलाला दोष कसा द्यायचा? अभ्यास कर, असं त्याला रोज सांगितलं जातं. अभ्यास म्हणजे हातांनी आणि डोक्याने नेमकं काय करायचं, हे क्वचितच कोणी करून दाखवतं.

जुन्या पद्धतीत याचा एक तुकडा होता, हे मात्र मान्य करायला हवं. पाढे म्हणून दाखवणं, कविता न बघता म्हणणं, शुद्धलेखनाच्या वेळी घातलेले शब्द लिहिणं, हे सगळं आठवून पाहणंच होतं. घोकंपट्टी नको म्हणताना आपण समजून न घेता पाठ करण्यासोबत पुस्तक मिटून आठवून बघण्याची सवयही टाकून दिली.

हे शिकवता येतं की उपजत असतं?

येतं, असं बरंचसं संशोधन सांगतं. ब्रिटनमधली एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन ही संस्था शाळांतल्या वेगवेगळ्या उपायांचे पुरावे एकत्र तपासून त्यांची क्रमवारी लावते. तिच्या २०२१ च्या आवृत्तीत मेटाकॉग्निशन आणि स्वयंनियंत्रणाच्या अध्यापनाला वर्षभरात सरासरी सात महिन्यांच्या जादा प्रगतीचं श्रेय दिलं आहे, तेही अगदी कमी खर्चात. हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. तो अनेक अभ्यासांची सरासरी आहे, त्यांतले बहुतेक आपल्यापेक्षा खूप वेगळ्या वर्गांत झाले आणि प्रत्यक्षात हे राबवणं अवघड जातं, असा इशारा ही संस्था स्वतःच देते. तरीही 'स्मार्ट बोर्ड'वर होणारा खर्च आठवला, तर स्वस्त उपायाकडे निदान एकदा बघायला हरकत नसावी.

या पुराव्यांतून निघणारी एक बाब आपल्याकडच्या शाळांसाठी विशेष महत्त्वाची आहे. 'अभ्यास कसा करावा' या विषयावर सभागृहात मुलांना बसवून दिलेल्या व्याख्यानाचा फारसा उपयोग होत नाही. गणिताच्या तासाला गणितातून आणि विज्ञानाच्या तासाला विज्ञानातूनच ही सवय लागते. सगळ्यांत सोपी पद्धत म्हणजे शिक्षकांनी आपला विचार मोठ्याने बोलून दाखवणं. 'हे उदाहरण वाचल्यावर मला आधी वाटलं गुणाकार करावा. पण थांबा, इथे तर उरलेले किती असं विचारलंय. मग माझी रीत चुकतेय.' फळ्यावर अचूक, न अडखळता सोडवलेलं उदाहरण मुलांना उत्तर देतं. अडखळून सावरलेलं उदाहरण त्यांना सावरायचं कसं ते दाखवतं. शिक्षकांना हे जड जातं, कारण सरांना सगळं येतं ही प्रतिमा आपणच त्यांच्यावर लादलेली आहे.

छोटे उपायही कामी आल्याचं दिसतं. मिशिगन विद्यापीठात पॅट्रिशिया चेन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परीक्षेआधी सुमारे पंधरा मिनिटांची प्रश्नावली दिली होती. परीक्षेत कशा प्रकारचे प्रश्न येतील? त्यासाठी उपलब्ध साधनांपैकी कोणतं वापरणार? तेच का? कधी, कुठे बसून? एवढंच. ती भरणाऱ्यांची श्रेणी इतरांपेक्षा सरासरी एक-तृतीयांश पायरीने वर गेली. तिथली मुलं मोठी होती, हे खरं. पण 'कोणतं साधन आणि तेच का' हा प्रश्न पाचवीतल्या मुलालाही विचारता येतो.

महाराष्ट्राने हे आधी करून पाहिलं नाही का?

पाहिलं, आणि कागदावर चांगलं पाहिलं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात आकारिक मूल्यमापनाची साधनं दिली होती : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि शेवटी 'इतर'. या 'इतर'मध्ये प्रश्नावली, सहाध्यायी मूल्यमापन आणि गटकार्य यांच्या रांगेत एक शब्द होता, स्वयंमूल्यमापन. मुलाने स्वतःचं शिकणं स्वतः तपासण्याची तरतूद राज्यात दीड दशकापासून आहे. फक्त ती यादीच्या तळाशी, 'इतर' या खणात होती आणि तिथेच राहिली.

नोंदी झाल्या, पण शिक्षकांच्या. प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायची, विषयवार, सत्रवार. पन्नास मुलांचा वर्ग असेल तर हे काम किती होतं याचा अंदाज करता येतो. लवकरच तयार नोंदींच्या याद्या बाजारात आणि मग व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. 'वर्गात लक्षपूर्वक ऐकतो', 'प्रश्नांची उत्तरं आत्मविश्वासाने देतो', 'स्वतःहून सहभाग घेतो'. त्या याद्यांतली वाक्यं कोणत्याही गावातल्या कोणत्याही मुलाला लागू पडतात. ज्याच्याबद्दल नोंद आहे, त्या मुलाने ती वाचून काही ठरवावं, हा हेतू कधीच हरवला.

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि ज्ञानरचनावाद हा शब्द घरोघरी पोहोचला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथे मूल स्वतः हाताळून, स्वतः पडताळून शिकताना दिसत होतं. परतल्यावर अनेक शाळांनी जे उचललं, ते फरशीवर रंगवलेली चित्रं आणि तक्ते. रंग उचलणं सोपं होतं. चूक झाल्यावर मुलाला लगेच न सांगता थांबून राहण्याची शिक्षकाची सवय रंगवून घेता येत नाही.

आता पुन्हा तीच संधी आली आहे का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतीपत्रकाची शिफारस आहे. शिक्षकांच्या मूल्यमापनासोबत मुलाचं स्वतःचं आणि वर्गमित्रांनी केलेलं मूल्यमापनही त्यात असावं, असं धोरण स्पष्ट म्हणतं. 'परख' या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने त्याचे नमुने तयार केले आहेत. महाराष्ट्रात नव्या धोरणाची अंमलबजावणी २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गापासून सुरू झाली. म्हणजे 'इतर'च्या खणातला तो शब्द आता प्रगतीपत्रकाच्या मुख्य पानावर येतोय.

धोका मात्र जुनाच आहे. मुलाने 'मला हे जमतं' या रकान्यात खूण केली आणि ते पत्रक कपाटात गेलं, तर आणखी एक फॉर्म भरला गेला एवढाच त्याचा अर्थ. शिवाय त्या खुणेचा संबंध श्रेणीशी आहे असं मुलांना वाटलं, तर ती सगळीकडे 'हो'च लिहिणार. स्वतःबद्दल खरं लिहिण्यासाठी, खरं लिहून नुकसान होत नाही याची खात्री लागते.

दुसरीकडे परीक्षांचं दडपण वाढतंय. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षेच्या निकालाला महत्त्व आलं. अनुत्तीर्ण मुलाला पूरक मार्गदर्शन द्यायचं, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची आणि तीही जमली नाही तर त्याच वर्गात ठेवायचं. या धोरणाच्या बाजूने आणि विरोधात बरंच बोललं गेलं आहे. त्या दोन महिन्यांत मूल वेगळं काय करणार, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ज्या पद्धतीने वाचून ते नापास झालं, त्याच पद्धतीने उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा वाचणार असेल, तर पुनर्परीक्षा ही नशिबाची दुसरी चिठ्ठी ठरते.

केंद्रीय मंडळाचा अनुभवही लक्षात घेण्यासारखा आहे. सीबीएसईने २०२६-२७ पासून नववीसाठी पुस्तक उघडून द्यायच्या परीक्षेला मान्यता दिली आहे. त्याआधीच्या पथदर्शी अभ्यासात मुलांचे गुण १२ ते ४७ टक्क्यांच्या दरम्यान राहिले. पुस्तक समोर असताना! हवी ती माहिती कुठे शोधायची, दोन धड्यांतल्या गोष्टी एकमेकांशी कशा जोडायच्या, इथे मुलं अडली. मंडळाने २०१४-१५ मध्येही असाच प्रयोग नववी आणि अकरावीसाठी केला होता आणि २०१७-१८ मध्ये बंद केला. तेव्हा पुस्तकाची सोय झाली होती. आपल्याला काय माहीत नाही ते आधी ओळखायचं आणि मग पुस्तकात हात घालायचा, ही सवय सोयीबरोबर आपोआप येत नाही.

मोबाइलमुळे हा प्रश्न मोठा का झाला?

ग्रामीण भारतातल्या मुलांवरच्या 'असर २०२४' अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. सर्वेक्षणाआधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पूर्वी घरातली मोठी माणसं टीव्ही बंद करायची. फोन बंद कधी करायचा हे आता बऱ्याच अंशी मुलालाच ठरवावं लागतं आणि त्याचं प्रशिक्षण त्याला कोणी दिलेलं नाही.

त्यात एआय आला. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर केलेला गणिताचा प्रयोग अलीकडेच प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना सरावासाठी साधा चॅटबॉट दिला होता, त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. नंतर चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुलं, ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. आणि आपण मागे पडलोय असं त्यांना वाटलंच नव्हतं. थेट उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला होता, त्यांच्या बाबतीत हे नुकसान जवळपास दिसलं नाही. 'दोनदा वाचलं'मधला भ्रम आणि हा भ्रम एकाच जातीचे आहेत. फक्त हा जास्त वेगाने होतो आणि जास्त सुबक दिसतो.

याला आर्थिक बाजूही आहे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणात देशातले २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचं आढळलं. शहरी भागात हे प्रमाण जवळपास ३१ टक्के आहे. शिकवणीत विषय शिकवला जातो, हे खरं. पण तिथे पालक बऱ्याचदा पैसे मोजतात ते देखरेखीसाठी. कधी बसायचं, काय सोडवायचं, कुठे चुकलं, पुन्हा काय करायचं, हे सगळं दुसरा कोणीतरी ठरवतो. ज्यांना ही देखरेख विकत घेता येत नाही, त्या मुलाची एकमेव जागा म्हणजे शाळेचे पाच-सहा तास. आणि ज्यांना ती विकत मिळते, त्यांचीही पंचाईत अकरावीत किंवा वसतिगृहात गेल्यावर होते. दहावीला नव्वद टक्के मिळवलेली मुलं तिथे पहिल्या घटक चाचणीत कोसळतात, तेव्हा घरचे म्हणतात, 'हुशार होता, काय झालं कोण जाणे.' बहुतेकदा एवढंच झालेलं असतं, की बाजूला बसणारा माणूस नसतो.

शिक्षकांनी वेळ कुठून आणायचा?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, रिक्त पदं यांतून वेळ काढून आणखी एक उपक्रम राबवा म्हटलं, तर तो कागदावरच राबवला जाणार. म्हणून नवा फॉर्म, नवं ॲप किंवा नवा 'सप्ताह' हा या प्रश्नावरचा उपाय नाही. आहे त्याच कामातला काही भाग बदलावा लागेल.

द्विशिक्षकी शाळांकडे या नजरेने क्वचित पाहिलं जातं. एकाच खोलीत दोन वर्ग बसलेले असतात. शिक्षक तिसरीला शिकवत असताना चौथीने स्वतःचं स्वतः काम करायचं असतं. इथे स्वयंनियंत्रण ही चैन नाही, त्याशिवाय तास चालतच नाही. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी याच गरजेतून कार्डांची शिडी तयार केली. मूल आपण कोणत्या पायरीवर आहोत ते स्वतः पाहतं, पुढचं कार्ड स्वतः घेतं आणि अडलं तर मदत मागतं. तमिळनाडूने ती पद्धत आधी चेन्नई महापालिकेच्या शाळांत आणि २००७ पासून राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. तिथेही पुढे कार्डं उरकण्याची घाई शिरली, ही टीका झालीच. पण मुलाला आपली जागा माहीत असणं हा त्या रचनेचा गाभा होता आणि त्यासाठी वेगळा तास लागत नव्हता.

असाच एक तास मोठ्या शाळांतही वाया जातो, तो म्हणजे उत्तरपत्रिका परत मिळण्याचा. घटक चाचणी असो वा सहामाही, पेपर हातात पडल्यावर मुलं काय करतात हे सर्वांना माहीत आहे. आधी गुण, मग शेजाऱ्याचे गुण, मग बेरजेत चूक आहे का ते, मग 'सर, याला अर्धा गुण द्या ना'. दहा मिनिटांत पेपर गोळा होतात किंवा घडी घालून दप्तरात जातात. सरकारी संकलित मूल्यमापन चाचण्यांच्या बाबतीत तर शिक्षकांची पुढची घाई गुण ऑनलाइन भरण्याची असते.

त्याच तासात पेपर वाटण्याआधी एक कोरा कागद दिला आणि 'तुला किती गुण मिळतील असं वाटतं?' एवढंच लिहायला सांगितलं, तर अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर मुलाला स्वतःच दिसतं. मग प्रत्येक गेलेल्या गुणासमोर कारण लिहायचं. येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही. चारही कारणांवरचे उपाय वेगळे आहेत आणि 'अभ्यास वाढव' हा त्यांतल्या एकावरही नेमका उपाय नाही. शेवटी, पुढच्या चाचणीआधी मी एक गोष्ट वेगळी काय करणार, ते एका ओळीत. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत अशी पानं उत्तरपत्रिकेला गुंडाळून देतात. आपल्याकडे वहीचं मागचं पान पुरेल. तो कागद शिक्षकांनी तपासायचा नाही, त्यावर गुण द्यायचे नाहीत, कुठेही अपलोड करायचा नाही. पुढच्या चाचणीच्या आदल्या आठवड्यात तो मुलाच्या हातात परत द्यायचा, एवढं मात्र आठवणीने करावं लागेल.